माणूस पाहिजे

आईच्या ऐंशीव्या वाढदिवसाचं जेवण टेबलावर यायच्या आधीच थोरल्याने दुकानाचा विषय काढला, आणि नेमके त्याच वेळी मशीनताईच्या हातातले काटे-चमचे निसटून फरशीवर पडले. निसटले ते अंगठ्यामुळे. पण घरातल्या सगळ्यांना वाटलं, तिने रागाने आपटले.

"आदळआपट करून काही होणार नाही," थोरला म्हणाला. हेडमास्तर म्हणून निवृत्त होऊन त्याला बरीच वर्षं झाली होती, तरी बोलणं अजून वर्ग गप्प करण्याच्या पट्टीतलंच होतं. "तो मोबाइल कव्हरवाला संध्याकाळी फोन करणार आहे. दुकान देताय की नाही, एवढंच त्याला सांगायचंय. जेवणं झाली की तिघं भावंडं बसू आणि ठरवून टाकू."

"आज आईचा वाढदिवस आहे, दादा."

"म्हणूनच जेवणानंतर म्हटलं. नाहीतर आधीच काढला असता विषय."

"आधीच काढलास की!" असं म्हणून मशीनताई चमचे गोळा करायला टेबलाखाली गेली आणि मनातलं सगळं तिथल्या तिथे टेबलाच्या पायांना ऐकवून आली.

तिला मशीनताई हे नाव गल्लीने दिलं होतं आणि आता घरातही तेच चालत होतं. बाबांनी उघडलेलं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान त्यांच्या मागे तीच चालवत होती. लग्न केलं नव्हतं. म्हणजे करायचंच नाही म्हणून नाही केलं, असं नाही. एक मशीन सुटं करून ठेवलेलं असायचं, ते जोडून होईपर्यंत दुसरं यायचं, आणि त्या नादात वय निघून गेलं. तिची त्याबद्दल तक्रार नव्हती. तक्रार होती ती फक्त उजव्या अंगठ्याबद्दल. गेलं वर्षभर तो सांधा असा काही रुसला होता, की साधा गंजलेला स्क्रू समोर आला की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. दुकानात दुरुस्तीला आलेली मशिनं भिंतीला टेकून उभी होती आणि गिऱ्हाइकं दारातून डोकावून, तोंड वाकडं करून परत जात होती. हाताखाली कुणी मिळाला नाही, तर दुकान जाणार हे तिला थोरल्याच्या आधी कळलं होतं.

म्हणून तर ती मागत होती. आज-काल नाही, बाबा गेले तेव्हापासून. बाबांना माती देऊन आल्यावर पहिल्यांदा सगळे जेवायला बसले, तेव्हाही थोरला दुकान बंद करू म्हणतच होता. प्रार्थनेची पाळी तिच्यावर आली. दुकानाचं नाव काढलं असतं तर भरल्या ताटावर भांडण पेटलं असतं, म्हणून तिने तो शब्द गिळला आणि एवढंच म्हणाली, "प्रभू, तुझ्या मर्जीने, तुझ्या वेळेला, पण एक चांगला माणूस पाठव. येशूच्या नावाने मागते." क्षणभर टेबल अगदी शांत झालं होतं. मग सगळ्यांनी एकदम "आमेन" म्हटलं, आणि ते इतकं मनापासून, की तिचा ऊर भरून आला. तिने दुकानासाठी माणूस मागितला आणि भाऊसुद्धा आमेन म्हणाले! म्हणजे तोंडाने काहीही म्हणोत, मनातून ते आपल्या बाजूचे आहेत.

तेव्हापासून प्रत्येक कौटुंबिक जेवणाला तिची तीच प्रार्थना, आणि घरच्यांचं तसंच दणदणीत आमेन. वर्षागणिक त्या आमेनचा जोर वाढतच गेला. धाकट्याच्या बायकोचे तर आमेन म्हणताना डोळे भरून यायचे. ही एवढी पाठराखण असताना थोरल्याने कव्हरवाल्याला शब्द द्यावा, हे मशीनताईच्या डोक्यातच शिरत नव्हतं. एका तोंडाने आमेन म्हणायचं आणि दुसऱ्या तोंडाने विकायचं!

ती चमचे घेऊन स्वयंपाकघरात गेली. आई खुर्ची ओढून उकडलेल्या बटाट्यांची सालं काढत बसली होती.

"तुझ्या वाढदिवसाला तूच काम करतेस?"

"नुसतं बसवलं की मी म्हातारी होते," आई म्हणाली. "तुझं तोंड का उतरलंय? थोरल्याने भोंगा वाजवला वाटतं."

"आई, आज प्रार्थना दुसऱ्या कुणाला सांग. मी नाही करणार."

"का गं?"

"किती वर्षं तेच तेच मागायचं? देवालाही आता कंटाळा आला असेल. माझा आवाज आला की म्हणत असेल, आली, परत आली."

आईने साल ताटलीत टाकलं. "तुझे बाबा मला मागणी घालायला आमच्या दारात किती फेऱ्या मारायचे, ठाऊक आहे ना? माझ्या वडिलांनी कुत्रं पाळलं त्यांच्यासाठी. तरी येत राहिले. शेवटी ते कुत्रंसुद्धा शेपटी हलवायला लागलं. मी कंटाळून हो नाही म्हटलं, बाळ. रोज येतो म्हणजे याला खरंच पाहिजे, असं वाटायला लागलं म्हणून हो म्हटलं."

"देवाला माहीत नाही होय, मला खरंच पाहिजे ते?"

"त्याला असेल. तुला आहे का? खरंच पाहिजे असेल तर मागत राहा. आणि देव काय तुझ्या दादासारखा घड्याळ बघून ऐकतो?"

मशीनताईला हसू आलं, पण निश्चय ढळला नाही. तेवढ्यात धाकट्याची बायको आत आली. सकाळच्या उपासनेपासून तिचं काहीतरी बिनसलं होतं. कारण नसताना हसत होती, टेबलावर एक ताट जास्तीचं मांडत होती, विचारलं की उचलत होती आणि पाठ फिरली की पुन्हा मांडत होती.

"ताई, हे काय, हेच घालून बसणार? बाहीला तेलाचा डाग आहे."

"तो डाग माझ्याआधीपासून या घरात आहे."

"चला, बदला बरं. आणि केस." तिने मशीनताईला हाताला धरून खोलीत नेलं, निळा पोशाख अंगावर चढवायला लावला आणि मानेवर फुस्स करून अत्तर मारलं. तिची कॉलेजात जाणारी मुलगी, जिला घरात खिदळी म्हणत, दाराशी उभी राहून ओढणी तोंडात कोंबत होती.

"वाढदिवस आईचा आहे," मशीनताई म्हणाली.

"हो, हो, आजीचाच!" म्हणत खिदळी पळाली.

दारावरची घंटा वाजली तेव्हा धाकट्याची बायको ओव्हनमध्ये डोकं घालून बसली होती, थोरला कव्हरवाल्याशी काय बोलायचं ते पुटपुटत होता, आणि दाराला सगळ्यांत जवळ होती मशीनताई. तिने दार उघडलं. बाहेर एक उंच, रुंद खांद्यांचा, साठीच्या आसपासचा माणूस उभा होता. केस पाणी लावून बसवलेले, कोट इस्त्रीचा, एका हातात टोपी आणि दुसऱ्या हातात दोरीने बांधलेलं खोकं.

"मी..." तो म्हणाला आणि थांबला. घसा खाकरला. "मी तुमच्या दुकानावरची पाटी वाचली."

चार दिवसांपूर्वी तिने पुठ्ठ्यावर स्वतःच्या हाताने पाटी लिहून शटरजवळ टांगली होती. देवावर भरवसा होताच, पण देवाला पत्ता सापडायला सोपं जावं म्हणून. आणि आज, कव्हरवाल्याचा फोन यायच्या दिवशी, जेवणाच्या आधी, दारात माणूस!

"आत या," ती म्हणाली. थोरल्याने बघितलं असतं तर त्याला दोन वाक्यांत वाटेला लावलं असतं. तिने पाहुण्याला सरळ पुढच्या खोलीत नेलं आणि दार लोटून घेतलं. आतलं दार राहिलं. त्याला नुसता पडदा होता.

"बसा. पाटी वाचून आलात तर!"

"पाटी वाचली, म्हणून धीर झाला. नाहीतर आलो नसतो. इतकं स्पष्ट कुणी लिहीत नाही."

"स्पष्टच लिहावं. मागाहून कटकट नको. आधीचा अनुभव आहे?"

पाहुण्याने टोपी गुडघ्यावर ठेवली. "हो. बरीच वर्षं."

"एकाच ठिकाणी?"

"एकाच ठिकाणी!" तो दचकून म्हणाला.

"हे चांगलं. हल्ली लोक सहा महिन्यांत जागा बदलतात. मग का सोडलंत?"

"मी नाही सोडलं. तिला प्रभूने बोलावून घेतलं."

"अरेरे. म्हणजे मालकीणबाई गेल्या."

तो जरा विचारात पडला. "मालकीणच म्हणायची," तो म्हणाला. "सगळं तिच्याच मर्जीने चालायचं."

"तसंच असावं. माझ्याकडेही तसंच राहील, आत्ताच सांगते."

"मला त्याची सवय आहे."

मशीनताईला माणूस आवडायला लागला. तिने खुर्ची जरा पुढे ओढली. "वय थोडं जास्त आहे, पण चालेल. तरुण पोरं मला नकोतच. आज येतात, उद्या दुसरीकडे बरं दिसलं की चालले."

"मी तसला नाही," तो घाईने म्हणाला.

"ते दिसतंय. आता वेळा ऐका. सकाळी दुकान उघडल्यापासून दिवे लागेपर्यंत. रविवारी सुट्टी. दिवे लागले की तुम्ही तुमच्या घरी, मी माझ्या घरी."

"वेगवेगळ्या घरी?"

"मग काय एकाच? लोक काय म्हणतील!"

पाहुण्याने टोपी उलटी केली, सुलटी केली. "तुमची तशी इच्छा असेल तर माझी हरकत नाही," तो हळूच म्हणाला. "या वयात माणसाला बोलायला कुणीतरी असलं की पुष्कळ झालं."

"बोलायचं काम करता करता. हात थांबता कामा नये. आणि पहिले पंधरा दिवस मी ठेवून बघणार. जमलं तर पुढचं बोलू. नाही जमलं तर राग मानायचा नाही, मी दुसरा बघेन."

"पंधरा दिवस ठेवून... पास्टरांना चालेल हे?"

"त्यांनीच सांगितलं. म्हणाले, घाई करू नको, आधी नीट पारखून घे."

पडद्यामागून कुणीतरी शिंकल्यासारखा आवाज आला. मशीनताईने लक्ष दिलं नाही. आता खरी परीक्षा होती. "हात दाखवा," ती म्हणाली.

त्याने निमूटपणे दोन्ही हात पुढे केले. हात मोठे होते, नखं स्वच्छ, आणि अंगठे असे जाड, भक्कम, की मशीनताई बघतच राहिली. असे अंगठे तिने जन्मात पाहिले नव्हते.

"काय करता तुम्ही?"

"बेकरी आहे. चाळीस वर्षं पीठ मळतोय."

"इकडे या." कोपऱ्यात आईचं जुनं मशीन होतं. सुईखालच्या पट्टीचा स्क्रू गंजून बसला होता आणि वर्षभर तिने त्याला तेल पाजलं होतं, विनवण्या केल्या होत्या, शिव्याही घातल्या होत्या. तिने स्क्रूड्रायव्हर त्याच्या हातात दिला. "हा काढून दाखवा."

कुठल्या घरात काय चाल असते सांगता येत नाही, असा चेहरा करून बेकरीवाला वाकला. स्क्रूड्रायव्हर खाचेत बसवला, अंगठा टेकवला आणि मनगट फिरवलं. कुर्रर्र आवाज झाला. स्क्रू फिरला. परत फिरला, आणि मग लोण्यातून निघावा तसा वर आला. त्याने तो अदबीने तिच्या तळहातावर ठेवला.

मशीनताईच्या डोळ्यांना धार लागली. "प्रभू, तू ऐकत होतास!" ती मोठ्याने म्हणाली. "उद्यापासून या."

"उद्या!" बेकरीवाल्याच्या हातून स्क्रूड्रायव्हर पडला. "निदान चर्चच्या मंडळीत जाहीर तरी... निदान तुमच्या भावांना तरी विचारतो."

"भावांना काय विचारायचं? माणूस मला पाहिजे, त्यांना नाही!"

पडद्यामागे स्फोट झाला. खिदळी हसता हसता पडद्यात गुंतली आणि दांडीसकट आत कोसळली. तिच्यामागून तिची आई, तिच्यामागून धाकटा, आणि सगळ्यांच्या मागे गळ्याला रुमाल बांधलेला थोरला. धाकट्याने तर वेळच घालवला नाही. तो सरळ पुढे झाला आणि त्याने बेकरीवाल्याला कवेत घेतलं.

"अभिनंदन, दाजी!"

"कोण दाजी?" मशीनताईने विचारलं. "कामाला ठेवलंय मी त्यांना."

"कामाला?" बेकरीवाला म्हणाला.

"कामाला?" धाकट्याची बायको किंचाळली.

"पाटी वाचूनच आलेत ते. कामाला माणूस पाहिजे, असं धडधडीत लिहिलंय."

बेकरीवाल्याने टोपी छातीशी धरली. "पाटीवर 'कामाला' नाही," तो म्हणाला. "नुसतं 'माणूस पाहिजे' आहे. मी दोनदा गेलो वाचायला."

मशीनताई विचार करायला लागली. पुठ्ठा टांगताना शटर पूर्ण वर नव्हतं गेलं. वरची ओळ... वरची ओळ शटरमागे गेली असणार. म्हणजे चार दिवस भर रस्त्यात, भल्यामोठ्या अक्षरांत, तिच्याच दुकानावर... तिला एकदम आठवलं, की काल फुलवाल्याने तिला बघून उगाचच मान लववली होती, आणि समोरच्या शिंप्याने तर काही कारण नसताना आपला पगार सांगितला होता.

"अरे देवा," ती खाली बसली. "पण तुम्हाला पाठवलं कुणी?"

सगळ्यांच्या नजरा धाकट्याच्या बायकोकडे वळल्या. "मी," ती म्हणाली. "ताई, रागावू नका. मी रोज पाव आणायला जाते. हे चर्चमध्ये अगदी मागे बसतात, तुम्हाला दिसत नाहीत. दर वेळी विचारायचे, तिसऱ्या बाकावर बसतात त्या तुमच्या नणंदबाई बऱ्या आहेत ना, रविवारी गाताना आवाज बसल्यासारखा वाटला. मग मीच सांगितलं, की आमच्या ताई किती वर्षं प्रार्थना करतायत. देवाकडे एक चांगला माणूस मागतायत."

"दुकानासाठी!" मशीनताई ओरडली.

थोरल्याने गळ्याचा रुमाल सोडला. "दुकानासाठी?" त्याने विचारलं. आज पहिल्यांदा त्याच्या आवाजातून वर्ग गायब झाला होता. "बाबा गेले तेव्हापासून तू जो माणूस मागत होतीस, तो दुकानासाठी?"

"मग कशासाठी? आणि तुम्ही आमेन म्हणत होतात ना? मला वाटायचं, बोलत नाहीत, पण माझे भाऊ माझ्या पाठीशी आहेत. म्हणून तर तू विकायला काढलंस तेव्हा मला इतकं लागलं!" ती थांबली. एकेकाच्या तोंडाकडे बघत गेली. धाकटा छताकडे बघत होता. तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. "तुम्ही माझ्या लग्नाला आमेन म्हणत होतात?"

"आणि मोठ्याने!" धाकटा म्हणाला.

आईचं हसू आधी फुटलं. ती स्वयंपाकघराच्या दारात बटाट्याची सुरी घेऊन उभी होती. हसता हसता ती तिथेच स्टुलावर बसली, मग खिदळी, मग धाकटा, आणि शेवटी बेकरीवाला, ज्याला हसावं की पळावं हे कळत नव्हतं, तोही खांदे गदागदा हलवत हसायला लागला. एकटा थोरला हसत नव्हता.

"मला वाटलं, दुकानच आडवं येतंय," तो म्हणाला. "तू माणूस मागतेस आणि दिवसभर तेलात हात घालून बसतेस, कोण बघणार तुला? दुकान गेलं तर तू बाहेर पडशील, चार लोकांत जाशील, काहीतरी जमेल. एवढी वर्षं तुझ्या मागण्याला आमेन म्हणालो, स्वतः काही केलं नाही, याची लाज वाटायला लागली होती. म्हणून कव्हरवाल्याला गाठलं."

मशीनताईच्या प्रार्थनेला भावाने इतक्या मनापासून आमेन म्हटलं होतं, की त्यापायी तो तिचं दुकान विकायला निघाला होता. यावर रागावायचं कसं? ती उठली आणि स्वयंपाकघरात जाऊन सिंकपाशी उभी राहिली. धाकट्याची बायको मागोमाग आली. ताईचे खांदे हलताना बघून तिचा चेहरा पडला.

"ताई, चुकलं माझं. रडू नका."

"रडत नाहीये गं." मशीनताईने वळून बघितलं. तिचे डोळे वाहत होते आणि तोंड हसण्याने वाकडं झालं होतं. "मी देवाचं दार वर्षानुवर्षं ठोठावत होते. ठोठावून ठोठावून अंगठा गेला. आणि त्याने माणूस दारात आणून उभा केला, तर मी विचारलं काय? आधीचा अनुभव आहे का!"

"आणि पंधरा दिवस ठेवून बघणार!" धाकटी म्हणाली. मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून इतक्या हसल्या, की मशीनताईला उचकी लागली आणि धाकटीने तिला पाणी पाजलं.

पुढच्या खोलीत परत आल्या तेव्हा बेकरीवाला उभाच होता. त्याने पडदा दांडीत ओवून जागेवर लावला होता आणि आई त्याला खाली बसायला सांगून दमली होती.

"बाई," तो मशीनताईला म्हणाला, "एक बोलू का? बेकरीचं काम सकाळी लवकर उरकतं. नंतर भाचा बघतो. मी घरी जातो आणि घड्याळाची टिकटिक ऐकत बसतो. तुम्हाला कामाला माणूस पाहिजे असेल, तर मी कामाला येतो. स्क्रू फिरवायचे, पट्टे चढवायचे, जड मशिनं उचलायची, सांगाल ते."

"आणि ज्यासाठी आला होतात ते?"

"ते मी मागत राहीन."

"माझ्याकडे? रोज?"

"तुमच्याकडे नाही, वर," तो म्हणाला. "तुम्ही इतकी वर्षं मागितलंत आणि थकला नाहीत. मी तर आत्ता कुठे सुरुवात करतोय."

खिदळीने पुन्हा ओढणी तोंडात कोंबली. मशीनताईला काय वाटलं ते तिने कुणाला सांगितलं नाही, पण ते दुकानाबद्दलचं नव्हतं. तिला आनंद झाला होता. साधा, पोरकट, कुणाला दिसू नये असं वाटण्याइतका आनंद.

"जेवण गार होतंय," आईने सुरी टेबलावर आपटली. "आणि ऐंशी वर्षांची बाई उपाशी आहे."

सगळे बसले. जास्तीचं ताट आता उघडपणे मांडलं गेलं आणि बेकरीवाल्याला मशीनताईच्या शेजारी कोंबण्यात आलं. खोक्यातून त्याने स्वतः केलेला केक निघाला. त्यावर साखरेत आईचं वय लिहिलं होतं आणि ते पंच्याऐंशी होतं.

"पाच वर्षं आगाऊ!" आई खूश झाली. "ही मी मागितलीच नव्हती."

"प्रार्थना कोण करणार?" धाकट्याने विचारलं.

आईने मशीनताईकडे बघितलं. मशीनताईने मान खाली घातली, पण नाही म्हणाली नाही. सगळ्यांनी डोळे मिटले. तिने तोंड उघडलं आणि म्हणाली, "प्रभू, आजच्या दिवसासाठी, आईसाठी, या ताटातल्या अन्नासाठी तुझे आभार. आणि तू पाठवलेल्या माणसासाठी..."

"एक मिनिट," थोरला म्हणाला.

सगळ्यांचे डोळे उघडले.

"माफ करा, पण मी एकदा फसलोय. कशाला आमेन म्हणायचं, ते आधी स्पष्ट होऊ दे. कुठला माणूस? कशासाठी?"

"दुकानासाठी," मशीनताई म्हणाली. "दुकान चालू राहण्यासाठी. म्हणजे कव्हरवाल्याला नाही सांगायचं, दादा. फोन तूच करायचा."

थोरल्याने बेकरीवाल्याच्या अंगठ्यांकडे पाहिलं, मग बहिणीच्या अंगठ्याकडे, आणि डोळे मिटून घेतले. "आमेन," तो म्हणाला, आणि त्याच्या पाठोपाठ सगळं टेबल म्हणालं.

"आणि?" धाकट्याच्या बायकोने डोळे न उघडता विचारलं.

खिदळीने श्वास रोखून धरला होता. मशीनताईच्या कानांच्या पाळ्या पुन्हा गरम झाल्या. शेजारी बसलेल्या माणसाच्या कोटाला ताज्या पावाचा वास येत होता आणि तिने आपले डोळे घट्ट मिटून ठेवले.

"आणि इतकी वर्षं तुम्ही सगळे माझ्यासाठी जे मागत होतात," ती म्हणाली, "त्यालाही."

या वेळी सगळ्यांच्या आधी आमेन म्हणाला तो बेकरीवाला.